आंबट हात, पिवळं कुंकू

अरुंधतीच्या घरात वस्तू हरवत नसत, कामाला गेलेल्या असत. देव्हाऱ्यातला कापूर जागेवर नसला तर तो मागच्या पडवीत परातभर पाण्यावर होडी चालवत असे. पानाच्या डब्यातला चुना दुपारी नाहीसा होई आणि संध्याकाळी अर्धा होऊन परत येई. केशवरावांनी कचेरीतून आणलेली लाखेची कांडी, कागदाचे कपटे उचलून दाखवण्यापायी, सासूबाईंच्या सोवळ्याच्या रेशमी कदावर घासून गुळगुळीत झाली होती. सोवळं कोणी चुरगाळलं याचा तपास सुरू होईपर्यंत ती कांडी निमूटपणे कोनाड्यात जाऊन बसलेली असे. चाळणी, नरसाळं नाहीतर मिठाची वाटी दिसेनाशी झाली तर आधी अरुंधतीच्या पडवीत डोकावायचं आणि मगच चोराला शिव्या द्यायच्या, हे कुंभार पिंपळगावातल्या त्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

निजामाच्या राज्यातली, जगातली दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची ही गोष्ट. केशवराव हैदराबादेत एका कचेरीत कारकून होते. दिवाळीला आणि जमलं तर उन्हाळ्यात ते परतूर स्टेशनावर उतरून बैलगाडीनं घरी येत. बाकी वर्षभर माळवदाच्या त्या घरात तिघीच. अरुंधती, तिची मुलगी तारा आणि सासूबाई दुर्गाबाई. दुर्गाबाई वीस वर्षांमागच्या मानमोडी तापाच्या साथीत विधवा झाल्या होत्या. घर त्यांच्या हुकमावर चाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, कारण तशी वेळच कोणी येऊ देत नसे.

अरुंधतीला हा नाद लागला तो माहेरी, शहागडला. तिचा धाकटा भाऊ गजानन औरंगाबादला शिकायला होता आणि सुट्टीत घरी आला की गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाळवंटात पाय पसरून शाळेतल्या गमती सांगायचा. सगळं शिक्षण उर्दूतलं. काचेच्या नळ्या काय, दिवे काय, रंग बदलणारे कागद काय.

"अक्का, तेजाबात बुडवला की निळा कागद लाल होतो," तो एकदा म्हणाला.

"तेजाब म्हंजे काय रे?"

"आंबट असतंय. पण लई कडक, हात जाळतंय."

"जळू दे तुझं ते कडक. साधं आंबट तर आपल्याकडं रांजणभर हाये," अरुंधती म्हणाली आणि त्याच दिवशी कामाला लागली.

निळा कागद मिळणार नव्हता, तेव्हा तिनं हळद घेतली. हळदीत चुना कालवला की लालभडक होते, हे जगातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. त्या लालावर लिंबू पिळलं की ती पुन्हा पिवळी होते, हे मात्र कोणी बघितलेलं नव्हतं. कारण असलं वेड्यासारखं काम करायला वेळ कोणाला? अरुंधतीनं तो वेळ काढला. गजाननच्या काचेच्या नळीच्या जागी तिनं एरंडाच्या पानाचा पोकळ देठ बसवला आणि वरच्या तांब्यातलं पाणी खालच्या तांब्यात उतरवून दाखवलं. गजानन बघतच राहिला. शाळेत हे सगळं मास्तर करतात आणि पोरं नुसती लांबून बघतात, असं त्यानं कबूल केलं. अरुंधतीला त्याची जरा कीवच आली.

लग्न होऊन ती पिंपळगावला आली तेव्हा तिच्या पेटीत चार लुगडी होती आणि डोक्यात हे खूळ. तारा सहा-सात वर्षांची झाल्यावर त्या खुळाला भिडू मिळाला. मग गल्लीतल्या आणखी पोरी जमू लागल्या. या पोरींना अक्षरओळख झाली की घरी बसवत, आणि मग दळण-कांडण शिकत त्या लग्नाची वाट बघत. दुपारी घरं निजली की त्या एकेक करून मागच्या दारानं पडवीत येत. पोरींना साइन्स कशाला हवं, असं कोणी विचारत नसे, कारण हे साइन्स आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. अरुंधती त्याला 'गमती' म्हणायची. पोरींना पडवीत खेळ करायला कोण कशाला अडवील?

येताना प्रत्येकीनं घरून काहीतरी आणायचं, हा तिथला एकच नियम. कोणी जास्वंदीचं फूल आणी, कोणी पापडखार, कोणी ज्वारीच्या धांड्याचा भेंड. त्या हलक्या भेंडाला मागून कापराचा खडा टोचून पाण्यात सोडला की होडी आपोआप पळे. वल्हं नाही, वारा नाही, आणि होडी आपली चालली. शेजारच्या तुळजाबाईंची नात उमा ही त्यातली सगळ्यात चौकस. होडी पळाली की बाकीच्या पोरी टाळ्या पिटत, आणि उमा विचारी, "काकू, मंग ही थांबती कशापायी?" असला प्रश्न ऐकला की अरुंधतीला दिवसाचं सार्थक झाल्यासारखं वाटे. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिचा वेळ घराचा होता, दुपारचा तेवढा एक तास तिचा होता. तो गेला तर आपल्याकडे काय उरेल, हा विचारसुद्धा तिला सोसत नसे.

तिला हवी असून कधीच न मिळालेली एक वस्तू त्या घरात होती. दुर्गाबाईंची काचेची बरणी. केशवरावांनी पहिल्या पगारातून हैदराबादेहून आणलेली, पारदर्शक, तोंड रुंद. परातीत पाणी घालायचं, मधोमध पेटती पणती ठेवायची आणि तिच्यावर ही बरणी पालथी घालायची. पणती विझते आणि पाणी बरणीत वर चढतं, असं गजाननानं सांगितलं होतं. तांब्या पालथा घालून ते करता येई, पण आतलं काही दिसत नसे. आणि जे दिसत नाही त्यावर उमा विश्वास ठेवीत नसे. त्या बरणीत मात्र लिंबाचं लोणचं होतं, आणि त्या लोणच्याला अंघोळ केल्याशिवाय घरातली मांजरसुद्धा शिवत नव्हती.

"आत्याबाई, लोणचं दुसऱ्या बरणीत काढू का?" अरुंधतीनं एकदा धीर करून विचारलं होतं.

"कशाला?"

"असंच. बरणी घासून ठेवते."

"लोणचं संपल्यावर घास," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या लोणचं कधी संपू देत नसत. वरून नवं घालत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चैत्र आला आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. त्या वर्षी अरुंधतीचं मन जरा उडालेलंच होतं. केशवरावांची खुशाली येऊन महिना उलटला होता. हैदराबादकडे साथ आहे, असं कोणीतरी बाजारात बोललं होतं. पण गौर काही कोणासाठी थांबत नाही. कैऱ्या आल्या, हरभरे भिजले. दुर्गाबाई सकाळपासून स्वयंपाकघरात आंब्याची डाळ वाटत बसल्या. विधवा बाईनं हळदीकुंकवात पुढे यायचं नाही, ही तेव्हाची रीत. सगळा सोहळा त्यांच्या हातून होई आणि त्या स्वतः तेवढ्या दाराआड राहत.

घरातलं कुंकू संपलं होतं म्हणून अरुंधतीनं बाजाराच्या दिवशी मणी-माळा विकणाऱ्या एका फिरत्या माणसाकडून पुडी आणली होती. चांगलं कुंकू करायला दिवस मोडतात. हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी, म्हणजे टाकणखार, लावून ती सावलीत वाळवतात, मग कुटतात, आणि त्या कुंकवाचा रंग असा तसा फिरत नाही. हे पुडीतलं नुसती हळद आणि चुना होतं. रंग मात्र असा झक्क, की कोणाला शंका येऊ नये. अरुंधतीनं ते आपल्या चांदीच्या कोयरीत भरलं. आंब्याच्या आकाराची ती कोयरी तिला लग्नात मिळाली होती.

बैठकीत बायका दाटून बसल्या होत्या. पन्हं फिरत होतं, गौरीचा थाट बघून तुळजाबाई आपल्या घरचा थाट यापेक्षा कसा वेगळा असतो ते सांगत होत्या. उमा आणि तारा कोयरी घेऊन फिरत होत्या. आता उमाचं बोट आपल्या कपाळाला कुंकू लावता लावता पन्हं सांडून जरा ओलं झालेलं होतं, आणि बोट पिवळं दिसू लागलं होतं. दुसरी पोर असती तर परकराला बोट पुसून मोकळी झाली असती. उमानं कैरीची फोड उचलली.

"तारे, बघ," ती म्हणाली, "हे आपलं पडवीतलंच हाये." आणि तिनं ती फोड कोयरीवर पिळली.

कुंकू पिवळं झालं. आधी मधोमध एक ठिपका, मग तो पसरत कडेपर्यंत गेला. उमा आनंदानं वर बघू लागली. पडवीत अशा वेळी काकू शाबासकी देत.

बैठकीत मात्र तसं झालं नाही. तुळजाबाईंच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला. "सवाष्णीच्या कोयरीतलं कुंकू," त्या हळूच म्हणाल्या, "आन् घरधनी परमुलखात." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. बाकीच्या बायका अरुंधतीच्या कपाळाकडे बघू लागल्या.

अरुंधतीला कारण माहीत होतं. चुना, हळद, आंबट. शंभरदा तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. आणि तरीही तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. आपण किती भ्यालो हे बघून तिला स्वतःचा राग आला, पण भीती काही जाईना.

इतक्यात दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात कैरीच्या किसानं माखलेले. त्यांनी कोयरीकडे बघितलं आणि त्यांचं तोंड असं उतरलं की, अरुंधती कोयरी विसरून त्यांच्याकडे धावली. त्या उंबऱ्यावरच बसल्या. ओरडल्या नाहीत, उमाला एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरुंधती, उद्यापासून पडवी बंद."

बंद म्हणजे बिलकूल बंद. मागच्या दाराला कडी लागली. पोरींच्या आयांनी आपापल्या पोरी आवरल्या. तुळजाबाईंनी तर उमाला दुपारी वाती वळायला बसवलं, आणि केशवरावांसाठी गावच्या देवीला पाच नारळांचा नवस बोलून टाकला. कापूर देव्हाऱ्यात राहिला, चुना डब्यात राहिला. घरातली प्रत्येक वस्तू जागेवर सापडू लागली आणि अरुंधतीला घर खायला उठलं. दुपारी ती निजायची, म्हणजे डोळे मिटून पडायची. तारा जवळ येऊन विचारायची, "आई, उमाचं काय चुकलं?" आणि अरुंधती म्हणायची, "काही न्हाई चुकलं. नीज."

आत्याबाईंशी भांडावं असं तिच्या मनात दहादा आलं. पण भांडायला समोरचा माणूस भांडायला तयार लागतो. दुर्गाबाई गप्प गप्प झाल्या होत्या. जेवण निम्मं झालं होतं. भाजी चिरता चिरता त्या मध्येच थांबत आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसत.

आठवडाभरानं तुळजाबाईंचा मुलगा बद्रीनाथ हैदराबादेहून परतला. जमिनीच्या दाव्यापायी तो अदालतीत गेला होता. पायावर पाणी पडायच्या आत त्यानं ओट्यावरून दुर्गाबाईंना हाक दिली.

"काकू, केशवराव भेटल्ते. एकदम मजेत हायेत. कचेरीत हिसाबाची गडबड हाये म्हणून सांगावा धाडाया जमलं न्हाई म्हणले. जरा जाडच झालेत, खरं सांगायचं तर."

अरुंधतीनं आत जाऊन देवापुढं दिवा लावला आणि तिथेच पदर डोळ्यांना लावून खुशाल रडली. तिला वाटलं, आता सुटलो. पण कसलं काय. तुळजाबाईंनी संध्याकाळीच जाहीर केलं की, संकट होतंच होतं, ते त्यांच्या नारळांनी टळलं. केशवराव मेले असते तर कुंकू खरं ठरलं असतं, जगले तर नवस खरा ठरला. यातून साइन्सला वाट कुठे मिळावी? अरुंधतीनं कपाळावर हात मारून घेतला.

दुर्गाबाई मुलाची खुशाली ऐकून नुसत्या "बरं झालं" म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, तारा निजल्यावर, मागच्या दाराची कडी वाजली.

अरुंधती उठून बघते तो आत्याबाई पडवीत. पुढ्यात एक पाट. पाटावर हळदीची वाटी, पानाच्या डब्यातला चुना आणि अर्धी कैरी.

"बस," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं काय केल्तं ते मला करून दाखव."

अरुंधतीनं हळद ओली केली, चुन्याचं बोट फिरवलं. हळद लाल झाली. कैरी पिळली. पिवळी झाली.

"परत."

तिनं परत केलं.

"चुना पुन्हा लावला तर पुन्हा लाल होतंय?"

"होतंय, आत्याबाई. कितीदाबी."

"लिंबानं होतंय, चिंचेनं?"

"आंबट असलं की झालं. ताकानंसुद्धा, जरा हळू."

दुर्गाबाईंनी पाट जवळ ओढला. मग त्यांनी स्वतःचा डावा तळहात पुढे केला, त्यावर चिमूटभर ओली हळद घेतली आणि उजव्या बोटानं चुना मळला. तळहात लालभडक झाला. कपाळ पुसल्यापासून त्यांनी तो रंग बोटाला लागू दिला नव्हता. अरुंधतीला वाटलं, धरावा त्यांचा हात. पण ती हलली नाही. दुर्गाबाईंनी कैरीची फोड त्या लालावर दाबली आणि रस मनगटापर्यंत ओघळू दिला. लाल गेला, पिवळा उरला.

"तेव्हाबी मी डाळच वाटत होते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या अरुंधतीकडे बघत नव्हत्या. "चैत्रातलंच हळदीकुंकू. हातभर कैरी. उकाडा असा, की घाम पुसला पालथ्या हातानं. आन् बाहेर आले तर माझ्या सासूबाईंनी आरसा पुढं धरला. कपाळावर पिवळं. सगळ्या बायका बघत होत्या. आश्विनात मानमोडी आली आन् हे गेले. सासूबाई मरेपर्यंत बोलल्या न्हाईत माझ्याशी. मी तरी काय म्हणणार? मलाबी तेच वाटत होतं. माझ्याच हातानं कुंकू गेलं, माझ्याच हातानं माणूस गेला."

"आत्याबाई, त्या साली तर घरटी माणूस गेल्तं."

"हो ना. त्यांनी काय समद्यांनी कैरी वाटल्ती?" दुर्गाबाईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. "हे मला इतक्या वर्सांत सुचलं न्हाई बघ. त्या पोरीनं पिळली तेव्हा आधी काळीज फाटलं. मंग रोज वाटून राह्यलं, हिनं तर जाणूनबुजून केलं. हिला आधी ठाऊक होतं की पिवळं होणार. मंग त्यात देवाचा काय संबंध?"

आणि मग त्या रडल्या. अरुंधतीनं त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. तिनं त्यांचा तो पिवळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तीही रडली. एका बाईनं अर्धा जन्म एका कैरीच्या रसापायी स्वतःला खुनी समजत काढावा, आणि ते सांगायला शेजारी एक माणूस नसावं, याची तिला भयंकर चीड आली. आपण वर्षानुवर्षं याच पडवीत, यांच्यापासून एका भिंतीआड, हाच खेळ पोरींना करून दाखवत होतो आणि यांना कधी हाक मारली नाही, हेही तिच्या मनात आलं.

संध्याकाळी दुर्गाबाई स्वतः तुळजाबाईंच्या दारात गेल्या. सहसा त्या कोणाकडे जात नसत, त्यामुळे तुळजाबाई गडबडून उठल्याच.

"उद्यापासून उमाला धाडत जा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"पण दुर्गाबाई, ते कुंकवाचं..."

"तूबी ये. कैरी घेऊन ये."

तुळजाबाई आल्या. नवसाचा मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, पण कैरी त्यांनी स्वतःच्या हातानं पिळली, आणि चुना लावून लाल, कैरीनं पिवळं असं इतक्या वेळा केलं की उमाच कंटाळली. त्याच दुपारी दुर्गाबाई आतून काचेची बरणी घेऊन आल्या. घासलेली, कोरडी. लोणचं त्यांनी सकाळीच चिनीमातीच्या बरणीत काढलं होतं. पेटत्या पणतीवर त्यांनीच ती पालथी घातली. ज्योत बारीक झाली, विझली, आणि पाणी हळूहळू वर चढलं. उमानं विचारलं, "आजी, असं का झालं?" दुर्गाबाई म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तुझ्या काकूला विचार. मीबी ऐकते."

पुढे त्या पडवीतल्या पोरी एकेक करून लग्न होऊन गेल्या. कोणी केदारखेड्याला दिली, कोणी जालन्याला. तारा तर औरंगाबादेला गेली. पण जाण्याआधी, हळद लागायच्या दिवशी, प्रत्येक नवरीला दुर्गाबाई मागच्या पडवीत बोलावून घेत. मांडवात त्यांना कोणी पुढे होऊ देत नसे. पडवीत त्यांना कोण अडवणार? अरुंधती पाट मांडी, चुना आणि हळद ठेवी, कैरीचे दिवस नसले तर लिंबू चिरी. दुर्गाबाई नवरीच्या तळहातावर लाल करून दाखवत, मग पिवळं करून दाखवत.

"कपाळाचं कुंकू असं झालं तर आधी हात आंबट हाये का ते बघायचं," त्या सांगत. "आन् घरात काहीबी वाईट झालं तर ते आपल्या हातानं झालं, असं मनात आणायचं न्हाई. कोणी म्हणलं तरी न्हाई."

मग नवरी तिथेच तांब्यातल्या पाण्यानं हात धुई आणि मांडवात जाई.